व्हीआरमधला आलेख पुन्हा पुन्हा वाचता येईनासा होतो, तेव्हा कुठे पाहायचं

गेली दोन वर्षं आम्ही तिघं मिळून सातारा जिल्ह्याच्या पावसाचा आलेख व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून पाहायच्या आभासी त्रिमितीय दृश्यात, बांधतोय. जिल्ह्याचा डोंगरदऱ्यांसकट नकाशा टेबलावर मांडल्यासारखा समोर दिसतो, अकरा तालुक्यांवर पावसाचे खांब उभे असतात, आणि नववी-दहावीची मुलं हेडसेट लावून त्याभोवती फिरतात. सातारा मुद्दाम निवडला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम पंचवीस किलोमीटरवरच्या वाईला सातशेच्या आसपास. आणखी पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे फळ्यावर सांगून जेवढं कळतं त्यापेक्षा डोंगराच्या कडेला उभं राहून जास्त कळतं, असं मला मनापासून वाटतं.

पण प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर एकच तक्रार परत यायची: "वाचता येत नाही." मी दर वेळी रिझोल्यूशन वाढवायचो. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. शेवटी लक्षात आलं की "वाचता येत नाही" हा एक दोष नाहीच. निदान पाच वेगवेगळे दोष हेडसेटमधून सारखेच दिसतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर तो कधीकधी वाढतो. म्हणून आधी निदान, मग दुरुस्ती.

आधी हेडसेट, मग लॅपटॉप

कोडला हात लावण्याआधी भिंगं पाहा. शाळेत एक हेडसेट तासाला पंधरा-वीस चेहऱ्यांवर चढतो. घाम आणि तेलाचा पातळ थर बसला की सगळी अक्षरं धुक्यात गेल्यासारखी दिसतात. चष्मा पुसायच्या मऊ कोरड्या कापडानेच पुसा, सॅनिटायझर नको. आणि हेडसेट व्हरांड्यात उताणा ठेवू नका. भिंगांवर थेट ऊन पडलं तर ती काही क्षणांत आतला पडदा जाळतात, आणि तो डाग कायमचा राहतो.

त्यानंतर दोन बुबुळांमधलं अंतर. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ हेडसेटमध्ये त्याच्या तीनच खुणा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. क्वेस्ट ३ मध्ये ते चाक फिरवून सलग जुळवता येतं. मोठ्या माणसाने स्वतःला जुळवून ठेवलेला हेडसेट तसाच मुलाच्या डोक्यावर जातो, आणि मूल म्हणतं पुसट दिसतंय. यात आलेखाचा काहीच दोष नसतो.

एवढं झाल्यावर हेडसेटमधलं चित्र लॅपटॉपवर उमटवा आणि शेजारी बसून पाहा. निम्मं निदान इथेच होतं. लॅपटॉपवरही अक्षरं मोडलेली असतील तर दोष लिपी जुळवण्याचा. लॅपटॉपवर स्वच्छ, पण हेडसेटमध्ये पुसट, तर दोष अक्षराच्या आकाराचा. बारीक रेषा डोकं हलवताना चमचमत असतील तर त्या पिक्सेलपेक्षा बारीक आहेत. एखाद्या पृष्ठभागाचे तुकडे लखलखत असतील तर दोन पृष्ठभाग एकाच जागी आहेत. डोकं वळवल्यावर सगळं दृश्यच अडखळत येत असेल तर यंत्राला काम झेपत नाहीये. आणि सगळं स्वच्छ दिसूनही मुलं आकडा चुकीचा सांगत असतील, तर दोष मांडणीत आहे. तो सर्वांत अवघड, त्याच्याकडे शेवटी येतो.

महाबळेश्वर मोडतं कुठे

मराठीत काम करणाऱ्यांना हा दोष हमखास भेटतो, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये मला त्याबद्दल ओळही सापडली नाही. आमच्या पहिल्या आवृत्तीत "महाबळेश्वर" मधला श्व फुटून पाय मोडलेला श आणि पूर्ण व असा दिसत होता. "मिलिमीटर" तर ओळखूच येईना. पहिली वेलांटी म च्या आधी न येता नंतर येत होती, म्हणून ती पुढच्या ल ची वाटायची.

कारण असं: युनिकोडमध्ये "श्व" नावाचं एक अक्षर नाही. श, पाय मोडण्याची खूण आणि व, असे तीन सांकेतिक क्रमांक ओळीने साठवलेले असतात. त्यांचं जोडाक्षर करणं, वेलांटी उचलून व्यंजनाच्या आधी ठेवणं, रफार डोक्यावर चढवणं, हे सगळं मजकूर जुळवणारा वेगळा भाग फॉन्टमधले नियम वाचून करतो. ब्राउझरमध्ये तो असतो. पण बऱ्याच त्रिमितीय साधनांमधला अक्षरं काढणारा भाग इतकं करत नाही. तो एका क्रमांकाला एक चित्र लावतो आणि चित्रं रांगेत ठेवतो. रोमन लिपीला तेवढं पुरतं, देवनागरीला पुरत नाही.

आम्हाला लागू पडलेला उपाय म्हणजे अक्षरं त्रिमितीय साधनाकडून काढूनच घ्यायची नाहीत. आलेख ब्राउझरमधून चालणारा असेल तर नाव आधी साध्या द्विमितीय कॅन्व्हासवर (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या कोऱ्या पृष्ठभागावर) लिहा. तिथे ब्राउझर जोडाक्षरं बरोबर जुळवतो. मग तो कॅन्व्हास टेक्स्चर म्हणून, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र म्हणून, पाटीवर चिकटवा. गेम-इंजिनमध्ये करत असाल तर न बदलणारी नावं आधीच चित्रं करून ठेवा. अकरा तालुके आणि बारा महिने म्हणजे तेवीस चित्रं, एका दुपारचं काम. गोडो ४ या गेम-इंजिनमध्ये मजकूर जुळवणारा हार्फबझ हा भाग आतच आहे, त्यामुळे तिथे देवनागरी थेट लिहिता येते.

कॅन्व्हासच्या वाटेत एक खड्डा आहे. पहिल्यांदा उघडलं की पाट्यांवर चौकोन किंवा भलताच फॉन्ट, दुसऱ्यांदा उघडलं की सगळं ठीक. असं होत असेल तर फॉन्ट उतरण्याआधीच तुम्ही कॅन्व्हास रंगवताय. दुसऱ्या वेळी फॉन्ट ब्राउझरच्या साठ्यात असतो, म्हणून दोष गायब होतो आणि आपण निर्धास्त राहतो. मग शाळेतल्या नव्या हेडसेटवर तो परत येतो. फॉन्ट आपल्या फाइलींसोबतच ठेवा, तो स्वतःहून मागवा, आणि उतरल्याची खात्री झाल्यावरच पहिली पाटी लिहा.

अक्षराचा आकार अंशात मोजा

व्हीआरमध्ये "२४ पॉइंटचं अक्षर" याला अर्थ नाही. "पाच सेंटिमीटरचं अक्षर" यालाही निम्माच अर्थ आहे, कारण ते किती दूर आहे त्यावर सगळं ठरतं. मोजायचा तो कोन. अक्षर डोळ्याशी किती अंशांचा कोन करतं आणि त्या कोनात पडद्याचे किती पिक्सेल येतात, एवढे दोनच प्रश्न.

चांगली दृष्टी असलेला डोळा एका अंशात साधारण ६० पिक्सेल वेगळे ओळखतो. क्वेस्ट २ चा पडदा दर डोळ्याला १८३२ गुणिले १९२० पिक्सेलचा आहे, पण ते विस्तृत दृश्यावर पसरलेले असल्याने अंशाला सुमारे २० च पडतात. क्वेस्ट ३ मध्ये ते सुमारे २५ होतात. म्हणजे मूल जणू तिप्पट जाड कुंचल्याने लिहिलेली पाटी वाचतंय.

आता देवनागरी आठवा. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार; खाली उकार. ओळीच्या एकूण उंचीतला जवळपास निम्माच भाग अक्षराच्या मुख्य देहाला मिळतो. ओळ एक अंशाची ठेवली तर क्वेस्ट २ वर २० पिक्सेल, आणि अक्षराला उरतात दहा. त्यात घ आणि ध, भ आणि म, प आणि ष एक होतात. खंडाळ्याचा अनुस्वार नाहीसा होऊन "खडाळा" उरतो. आणि आलेखासाठी सर्वांत घातक म्हणजे १ आणि ९ मधला फरक पुसला जातो. आमच्याकडे महाबळेश्वरची १३५० मीटर उंची एका मुलाने नऊ हजार तीनशे पन्नास वाचली आणि अगदी विश्वासाने वहीत लिहिली. मुलाची चूक नव्हती.

माझा हिशेब आता ठरलेला आहे: देवनागरी ओळीची पूर्ण उंची दोन अंश, त्याहून कमी कधीच नाही. एक मीटरवर एक अंश म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. दीड मीटरवर दोन अंश म्हणजे सुमारे ५२ मिलिमीटर. म्हणजे दीड मीटरवरच्या पाटीची ओळ पाच सेंटिमीटर उंच हवी. लॅपटॉपवर ती राक्षसी दिसते. दिसू द्या.

पाट्या एक ते दोन मीटरच्या टप्प्यात ठेवलेल्या बऱ्या. हेडसेटची भिंगं एकाच ठरावीक अंतरावर डोळ्याचा फोकस धरायला लावतात. वस्तू नाकाशी आणली की डोळे आत वळतात पण फोकस तिथेच राहतो, आणि थोड्याच वेळात कपाळ दुखायला लागतं. मुलं वाचता आलं नाही की वाकून जवळ जातात, म्हणून लहान अक्षर म्हणजे पुढची डोकेदुखीच.

फॉन्ट मध्यम जाडीचा घ्या. "मुक्त" किंवा "नोटो सॅन्स देवनागरी" हे दोन्ही फॉन्ट चालतात, पण त्यांची बारीक वजनं वापरू नका. शिवाय मी वर्षभर करत होतो ती चूक टाळा: टेक्स्चर अवाढव्य मोठं करणं. ओळ पडद्यावर ४० पिक्सेलची दिसणार असेल आणि तुम्ही ती टेक्स्चरमध्ये ४०० पिक्सेलची काढली, तर यंत्र दहातले नऊ ठिपके गाळून बाकीचे उचलतं, आणि डोकं हललं की वेगळेच उचलतं. अक्षरं किड्यांसारखी वळवळतात. ओळ टेक्स्चरमध्ये ७०-८० पिक्सेलची पुरे. मिपमॅप (टेक्स्चरच्या आधीच लहान करून ठेवलेल्या प्रती) चालू ठेवा, आणि तिरक्या पाट्यांसाठी अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग जास्तीत जास्त.

कडेच्या पाट्याच तेवढ्या पुसट असतील तर फोव्हिएशन तपासा. पडद्याच्या कडा कमी बारकाईने रंगवून श्रम वाचवायची ती युक्ती आहे, आणि थ्री-जेएस किंवा ए-फ्रेम या ब्राउझरमधल्या त्रिमितीय साधनांमध्ये ती मुळातच पूर्ण चालू असते. खेळात ते खपतं. आलेखात कडेलाही आकडे असतात, म्हणून शून्यावर आणा.

चमचमणाऱ्या रेषा, लखलखणारे खांब

मागच्या भिंतीवरच्या मोजपट्टीच्या रेषा चमचमतात याचं कारण वरच्याच हिशेबात आहे. क्वेस्ट २ वर दोन मीटर अंतरावर एक पिक्सेल म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. आमच्या रेषा एक मिलिमीटरच्या होत्या. त्या कधी पिक्सेलमध्ये सापडत, कधी निसटत. पाच मिलिमीटरच्या केल्या, रंग फिका केला, चारपट मल्टिसॅम्पलिंग (एका पिक्सेलमध्ये चार जागी तपासून कडा मऊ करणं) लावलं, आणि त्रास संपला.

लखलखाट वेगळा. आम्ही एक काचेसारखी आडवी पातळी दिली आहे. मूल ती कंट्रोलरने वरखाली करतं आणि ती खांबांना जिथे छेदते तिथला पाऊस वाचतं. सोयीसाठी ती खांबाच्या माथ्याशी आपोआप थांबायची. म्हणजे माथा आणि काच नेमक्या एकाच उंचीवर. कोण पुढे, कोण मागे हे यंत्राला ठरवता येईना, आणि दर चित्राला निकाल बदलत होता. काच माथ्याच्या दोन मिलिमीटर वर थांबवली.

तरीही जुन्या हेडसेटवर लखलखाट उरला. तिथे प्रत्येक ठिपका किती दूर आहे याची नोंद १६ बिटांची होती आणि कॅमेऱ्याची जवळची मर्यादा (ज्याहून जवळचं काही काढलं जात नाही ते अंतर) १ सेंटिमीटर. एवढ्यात दोन मीटरवर सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचा फरक नोंदीत येतच नाही. जवळची मर्यादा १० सेंटिमीटर केल्यावर तोच आकडा ०.६ मिलिमीटरवर आला. २४ बिट मिळत असतील तर तेच घ्या.

दृश्य अडखळतं

सेकंदाला ७२ चित्रं म्हणजे एका चित्राला १३.९ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचं काम. अकरा तालुके गुणिले बारा महिने म्हणजे १३२ खांब. प्रत्येक खांब वेगळी वस्तू, प्रत्येकाला वेगळी पाटी. तिथेच आमचा वेळ जात होता. खांब एकाच आकाराचे असल्याने इन्स्टन्सिंगने ते एका हुकमात काढता येतात. पाट्या सगळ्यांच्या दाखवायची गरज नसते. बोट रोखलेल्या खांबाची पुरते. छेद-काचेवरचा आकडा आम्ही दर चित्राला नव्याने लिहून टेक्स्चर पाठवत होतो. तो दहा मिलिमीटरच्या पटीत आणला आणि बदलला तरच लिहिला. अडखळणं थांबलं, आणि नाचणारा आकडा मुलांना वाचताही येत नव्हता, तेही सुटलं.

सगळं स्वच्छ दिसतं, तरी उत्तर चुकतं

एका मुलीने विचारलं, "वाईला पाऊस पडतच नाही का?" ती नकाशाच्या पश्चिमेला, कोकणच्या बाजूला उभी होती. आमच्या मापात हजार मिलिमीटरला वीस सेंटिमीटर, म्हणजे महाबळेश्वरचा खांब एक मीटरच्या वर, वाईचा चौदा सेंटिमीटर. पुढचा खांब डोळ्यांच्याही वर जात होता आणि वाई त्याच्या मागे पूर्ण झाकली गेली होती. डोंगरामागे पाऊस का कमी हे समजवायला केलेल्या आलेखात आम्ही वाईच दिसेनाशी केली होती.

पहिला विचार येतो तो खांब अर्धपारदर्शक करण्याचा. करू नका. पारदर्शक वस्तू कुठली आधी, कुठली नंतर हे यंत्र वस्तूच्या मध्यबिंदूवरून ठरवतं, आणि मूल चालत फिरलं की खांब अचानक एकमेकांपुढे उड्या मारतात. आम्ही जाड खांबांच्या जागी बारीक काठी आणि टोकाला गोळा ठेवला, आणि नकाशा हाताने जात्यासारखा गोल फिरवता येईल असा केला. वाई दिसायला लागली.

दुसरी चूक जास्त खोल होती, आणि ती कुणी विद्यार्थ्याने नाही, आमच्यातल्याच भूगोलाच्या शिक्षिकाबाईंनी धरली. डोंगरांच्या उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानावरच्या रडार मोहिमेची. ती मोफत मिळते आणि उत्तम आहे. किलोमीटरला दीड सेंटिमीटर या मापात सह्याद्री अगदी सपाट दिसतो, म्हणून आम्ही उंची पाचपट ताणली होती. आणि खांब त्या जमिनीवर उभे केले होते. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, वाई सुमारे ७००. साडेसहाशे मीटरचा फरक ताणून नकाशावर जवळपास पाच सेंटिमीटर झाला. पावसाच्या मापात पाच सेंटिमीटर म्हणजे २५० मिलिमीटर. आमची छेद-काच पाऊस आणि डोंगर यांची बेरीज दाखवत होती, आणि हा खोटा फरक वाईच्या अख्ख्या वर्षाच्या पावसाच्या एक तृतीयांशाहून जास्त होता. चित्र मात्र देखणं होतं, म्हणूनच ते महिनोन्‌महिने कुणाला खटकलं नाही.

आता सगळ्या काठ्या नकाशाखालच्या एकाच सपाट पातळीपासून सुरू होतात आणि जमिनीतून वर येतात; जमिनीखालचा भागही दिसावा म्हणून नकाशाची एक कड कापून उघडी ठेवली आहे.

तिसरी गोष्ट दूर-जवळची. एक मीटरवरची काठी आणि दोन मीटरवरची तेवढीच काठी डोळ्याला दुप्पट-निम्मी दिसते. दोन डोळ्यांमुळे मेंदू ते बरंच सावरतो, पण पुरतं नाही. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं होतं की माणूस एकाच पायारेषेवरची उंची सर्वांत अचूक ताडतो, आणि क्षेत्रफळ-घनफळात जास्त चुकतो. व्हीआरमध्ये गेल्याने डोळा बदलत नाही. म्हणून "किती" या प्रश्नासाठी आम्ही नकाशामागे साधा सपाट स्तंभालेख उभा केला. अकरा तालुके, एक पायारेषा, पाच सेंटिमीटरची अक्षरं. नकाशावर वाईच्या काठीला हात लावला की मागे वाईचा स्तंभ उजळतो. "कुठे" आणि "का" नकाशावर, "किती" भिंतीवर. माझ्या मते व्हीआरमधल्या आलेखाची ही वाटणी आधीच करून टाकावी. आम्ही ती दीड वर्ष उशिरा केली.

रंगांबाबत एवढंच: प्रकाश पडून सावली येणारा रंग वापरला तर सावलीतला गडद निळा आणि जास्त पावसाचा गडद निळा एकच दिसतात. आलेखाच्या भागांना प्रकाशाचा परिणाम न होणारा सपाट रंग द्या, म्हणजे तो रंगसूचीशी जुळेल.

शाळेत जाण्याच्या आदल्या दिवशी मी आता हेडसेट पूर्ण बंद करून सुरू करतो, साठा पुसतो, आणि खुर्चीत बसून मुलांच्या उंचीवरून पाहतो. "महाबळेश्वर" जोडून आलं का, "खंडाळा" वर टिंब आहे का, १३५० मधला एक हा एकच वाटतो का. मग कोकणच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि वाई शोधतो.